सुपडूआप्पांची लाइन

सुरुवातीलाच माफी मागतो. मी काही लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे साधा चार ओळींचा अर्ज लिहायला बसलो तरी वडील दारातल्या माणसांना हळू बोलायला सांगतात. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं, त्या सुपडूआप्पांना लिहिलेल्या गोष्टींचा रागच होता. "कागदवर बठ्ठं चालू ऱ्हास," असं ते म्हणायचे, "वायरवर देख." म्हणजे कागदावर सगळं चालूच असतं, खरं काय ते वायरीवर जाऊन बघायचं. तरीही लिहितो आहे, कारण गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले आणि त्यांच्या शोकसभेत आमच्या सरपंचांनी त्यांना "तंत्रज्ञानाच्या नभांगणातील ध्रुवतारा" म्हटलं. मी पुण्याहून पोहोचलो तेव्हा हे भाषण चालू होतं. आप्पा ऐकायला असते, तर त्यांनी माईकची वायर काढून घेतली असती. म्हणून वाटलं, निदान एकाने तरी खरं लिहून ठेवावं.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावापासून जवळ. चारी बाजूंनी केळी आणि ऊस. मोबाईलची रेंज गावात फक्त पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायऱ्यांवर मिळते, त्यामुळे एकेकाळी गावातली सगळी लग्नं त्या पायऱ्यांवर ठरली. आप्पा आमचे नेटवाले. त्याआधी ते केबलवाले होते आणि त्याच्याही आधी गच्च्यांवर चढून अँटेना फिरवून द्यायचे. खाली उभा असलेला माणूस "आलं, आलं, गेलं!" असं ओरडायचा. सबंध आयुष्य लोकांच्या गच्चीवर गेल्यामुळे त्यांना गावातली माणसं वरून ओळखू यायची. "तो टकला का?" असं ते विचारायचे, आणि तो माणूस टोपीशिवाय घराबाहेर पडत नसे.

त्यांची एक सवय होती. कुणाच्याही घरात शिरले की राम राम नाही, पाणी नाही, आधी सरळ नेटच्या डब्यावर तळहात ठेवायचे. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटायचे. घरातली माणसं श्वास धरून उभी राहायची. मग आप्पा निदान सांगायचे. "डब्बाले ताप नही. रोग घरमा शे." आणि घरात रोग शोधायला लागायचे.

आमच्या घरातला रोग त्यांना एका मिनिटात सापडला. मी लोणखेड्याला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा वडिलांनी नेट घेतलं. वडील केळीच्या गाड्या भरायला जातात. आईने त्या डब्याकडे पाहिलं आणि ठरवलं की इतकी महागाची वस्तू उघड्यावर ठेवणं बरं नाही. आमच्याकडे गव्हाची पत्र्याची कोठी आहे, पुरुषभर उंच. आईने डबा फडक्यात गुंडाळून त्या कोठीत ठेवला, वायरपुरती फट ठेवली आणि झाकण लावलं. मी दोन दिवस कोठीला पाठ टेकून अभ्यास करत होतो. तिथेच थोडंफार नेट यायचं. तिसऱ्या दिवशी आप्पा आले, तळहात ठेवायला डबा शोधू लागले, तर तो दिसेना. आईने अभिमानाने झाकण उघडून दाखवलं.

आप्पा बराच वेळ कोठीत डोकावून पाहत राहिले. मग म्हणाले, "वैनी, हाई नेट शे, बियानं नही. कोठीमा ठेईसन उगनार नही."

"उंदीर खातीन ना, आप्पा!"

"उंदीर खाऊ दे. उंदीरले तरी रेंज भेटी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पत्र्याच्या आड नेट जात नाही, मातीच्या जाड भिंतीतून दमून जातं, पाण्याच्या पिंपामागे ठेवलं तर पाणीच पितं. डबा उंचावर, घराच्या मधोमध, मोकळ्यावर ठेवायचा. त्यांनी तो खुंटीला टांगला आणि नेट धावायला लागलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "पहिले डब्बानी जागा देख, मंग कंपनीले शिव्या दे. शिव्या कोठे पळी जातीस का?"

कंपनीची बाजू मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. ते शहरातल्या कुठल्याशा कंपनीची लाइन घेऊन गावात वाटायचे. कुणी तक्रार घेऊन आलं, की "आप्पा, शंभरचा स्पीड सांगितला, अन येतो अकरा," तर आप्पा त्याला जाहिरातीचा कागद आणायला लावायचे.

"काय लिखेल शे? वाच."

"शंभरपर्यंत."

"हां. 'पर्यंत'. मी भी सरपंच'पर्यंत' व्हऊ शकस. व्हयनू का? नही ना? मंग बठ खाले, चहा पी."

चहा पाजून ते त्याच्या घरी जायचे आणि खरोखर रोग शोधून यायचे. बहुतेक वेळा तो वायरीत असायचा. उसाची तोडणी झाली की लोक शेतात पाचट पेटवतात, आणि बांधावरून गेलेली आप्पांची वायर वितळून मेणबत्तीसारखी लोंबायची. एकदा आमच्या गल्लीचं नेट रोज दुपारी मरायला लागलं. सकाळी ठणठणीत, दुपारी मेलेलं, संध्याकाळी पुन्हा जिवंत. आप्पा दुपारी येऊन गल्लीत उभे राहिले तेव्हा दिसलं की समोरच्या आजीने धुतलेली गोधडी त्यांच्या वायरीवर वाळत घातली होती. ओल्या गोधडीच्या वजनाने वायर कोपऱ्यावर मुडपली होती.

"आज्जी, ह्या वायरमातून उजेड जास. तू त्यानी मान मोडी ऱ्हायनी."

"उजेड जास ते माले काब्र दिसत नही?"

"तुले दिसना असता ते तू त्यावर बी गोधडी टाकती."

"मंग मी गोधडी कोठे वाळाडू? तुन्हा डोकावर?"

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नायलॉनची दोरी आणली आणि आपल्या वायरीच्या हातभर खाली, खांबापासून खांबापर्यंत, आजीला बांधून दिली. मग शेजारणींनी मागितली. आज आमच्या गावात प्रत्येक गल्लीत आप्पांच्या दोन लाइनी आहेत, वरची नेटची आणि खालची धुण्याची. खालची कधीच बंद पडली नाही.

त्यांची एक मोठी इच्छा होती. शहाद्याकडून गावात येणारी लाइन एकच होती. ती कुठे तुटली, जेसीबीने उपटली, की सगळं गाव अंधारात. आप्पांना दुसरी वाट हवी होती, प्रकाशाच्या बाजूने, म्हणजे एक तुटली तरी दुसरीने चालू राहील आणि संध्याकाळची गर्दी दोन वाटांनी वाटली जाईल. त्यासाठी मी त्यांना तीन वेळा अर्ज लिहून दिले. तिन्ही वेळा उत्तर आलं की अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. आप्पांनी ती तिन्ही पत्रं मोठ्या डब्याखाली घातली. "डब्बा हालत व्हता," म्हणाले, "आते बेस बठना." म्हणजे आता नीट बसला.

हा मोठा डबा म्हणजे गावाचं काळीज. तो त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होता आणि सगळ्या घरांच्या वायरी त्याच्यातून निघत. त्याला बॅटरी होती, पंखा होता आणि इंदूकाकूंचा राग होता. इंदूकाकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्या डब्यामुळे पुढच्या खोलीत सोफा ठेवता आला नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. त्या त्याच्याकडे सवतीकडे बघावं तशा बघायच्या. आता आप्पा नाहीत आणि तो डबा काकू सांभाळतात. वायरी जोडायला शहाद्याहून एक माणूस येतो, पण दिवसातून तीनदा काकू डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या राहतात. सोफा अजून आलेला नाही.

आप्पांनी कुणाला नेट जास्त दिलं नाही. मोठ्या डब्याला जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवरून त्यांना कुणालाही जास्त किंवा कमी देता यायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. क्रिकेटची मोठी मॅच होती तेव्हा सरपंचांनी निरोप पाठवला की संध्याकाळपुरती आमची लाइन जरा जाड करा. आप्पांनी उलटा निरोप पाठवला, "नळले पानी कमी येस ते शेजारना नळ मोडतस का?" त्यानंतर पंचायतीसमोरचा आप्पांचा खांब सुशोभीकरणात उपटला गेला. आप्पांनी वायर पानटपरीवरून फिरवली आणि टपरीवाल्याला त्याबद्दल आयुष्यभर शिव्या न देण्याचं कबूल केलं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण आप्पा कसे होते ते मला तिथे कळलं.

गेल्या श्रावणात पुण्याच्या एका संस्थेत एम.एस्सी.साठी माझा अर्ज निवडला गेला. तिथे शिष्यवृत्तीसह शिकता येणार होतं. ती मिळाली नाही, तर मी वडिलांबरोबर केळीच्या गाड्या भरणार हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आता फक्त मुलाखत उरली होती, तीही ऑनलाइन. वीस मिनिटांची, सोमवारी सकाळी अकरा वाजता. मी तारीख पाहिली. तो कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार होता.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. रविवारी रोट असतात. घरातल्या माणसामाणसामागे गहू मोजून घेतात, दळतात, त्याचे रोट भाजतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यासाठी जो जिथे असेल तिथून घरी येतो. आमचं अर्धं गाव सुरतेला कामाला आहे, ते सगळं आलं होतं. ज्यांना सुट्टी मिळाली नव्हती त्यांना सोमवारी सकाळी मिरवणूक मोबाईलवर दाखवायची असते, आणि त्यासाठी आप्पा नदीपर्यंतच्या खांबांवर डबे टांगून ठेवत. म्हणजे वर्षातल्या ज्या सकाळी गावाचं नेट सगळ्यात जास्त ताणलं जातं, त्याच सकाळी माझी मुलाखत होती. कॉलेज बंद. शहाद्याचा नेटवालाही रोटासाठी गावी गेलेला. टाकीच्या पायऱ्यांवर बसून मुलाखत द्यावी असाही विचार मी केला, पण तिथे पाखरं फार आहेत.

शनिवारी आई ओट्यावर गहू मोजत होती आणि आप्पा पायरीवर बसले होते. मी धीर करून विचारलं. "आप्पा, सोमवारी वीस मिनिटं सगळ्यांचं बंद करून मला द्याल का?"

आप्पा आईच्या हातांकडे बघत होते. "वैनी, घरमा कितला जन?"

"सात."

"सातना गहू मोजात. आन उद्या सुरतथून आखो सात भाऊबंद उनात ते?"

"ते त्याच रोटमा जेवतीन. गहू नही वाढतस, आप्पा."

"देख रे," आप्पा मला म्हणाले. "तुन्ही आई बी.एस्सी. शे. शहादाथून गावमा जे नेट येस ते मोजेल शे. खानारा वाढनात की तुकडा ल्हान व्हई जास. सकाळले फास्ट, संध्याकाळले स्लो, दुसरं काही नही."

"म्हणूनच विचारतोय. वीसच मिनिटं."

ते उठले. पायात चपला घातल्या. "सरपंचले मी नही म्हनेल शे," ते म्हणाले. "तुले हो म्हनू ते मी काय वाटनारा? दुसरासना ताटमातला तुकडा मी उचलाव नही." आणि गेले.

खरं सांगतो, मला फार राग आला. मी त्यांचे तीन अर्ज लिहिले होते. रविवारी रोट खाताना घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येक जण, सुरतेच्या काकांपासून रांगणाऱ्या पोरापर्यंत, मोबाईल बघत होता. मला ती माणसं दिसत नव्हती. आमचं नेट त्यांच्यात तुकडे होऊन जाताना दिसत होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता पंचायतीचा भोंगा खरखरला. आधी सरपंचांचा आवाज आला. माईक चालू आहे हे बहुधा त्यांना माहीत नव्हतं.

"आज कसा काय उना रे सुपडू? माले मॅच देखू दिधी नही तू."

मग आप्पांचा आवाज. "तुले आजबी देनार नही. माईक दे."

थोडी झटापट ऐकू आली आणि मग सगळ्या गावाने हे ऐकलं: "गावकरीसहोन, ध्यान द्या. अकरा वाजापाईन वीस मिनिट बठ्ठासनी आपापला डब्बा बंद करा. मोबाईल खिसामा घाला. आपला दिन्याना पुन्याले इंटरव्ह्यू शे. तो तठे गयेल नही, घरमाच बठीसन देई ऱ्हायना. कसा, ते माले इचारू नका. ज्याले पटी त्यानी बंद करा, ज्याले नही पटी त्यानी चालू ठेवा. जबरदस्ती नही. पन मी प्रत्येकना डब्बा वळखस."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आतापर्यंत नापास झालो असतो तर घरातल्या सात माणसांना कळलं असतं. आता अख्खं गाव, शिवाय सुरत.

आप्पा माझ्याकडे आले, खुंटीवरच्या डब्यातून एक वायर काढून मित्राकडून आणलेल्या लॅपटॉपला सरळ जोडली. म्हणाले, "हवामातून नको, वायरथून बोल. हवामा गर्दी शे." मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. गल्लीतून मिरवणूक निघाली होती. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, वाजंत्री, आणि मध्येच सुरतेचा माझा एक चुलतभाऊ आप्पांशी वाद घालत होता.

"आप्पा, तिकडे बठ्ठा लाइव्ह देखाले बठेल शेतस. त्यासले काय सांगू?"

"सांग, कानबाई सावलीमा बठनी. चहा पी ऱ्हायनी. वीस मिनिटमा निंघी."

अकराला पडद्यावर दोन सरांचे आणि एका बाईंचा असे तीन चेहरे आले. इतके स्पष्ट, की मधल्या सरांच्या चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला होता तोही दिसला. माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ नेट मी पाहिलं नव्हतं. सर इंग्रजीत विचारत होते आणि मी इंग्रजीत अडखळत होतो, पण नेट अडखळत नव्हतं. सहाव्या मिनिटाला बाईंनी विचारलं, तुम्हाला पुढे कशावर काम करायला आवडेल? मी तोंड उघडलं, आणि तिन्ही चेहरे होते तसे थिजले. मग तेही गेले.

मी ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही. पण आप्पांना शांतता ऐकू आली असावी. ते आत आले, खुंटीवरच्या डब्यावर तळहात ठेवला, लाल दिवा पाहिला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"ह्या घरमा रोग नही," ते म्हणाले. "मन्हा घरमा शे."

झालं होतं असं. भोंग्यावरून सांगितलेलं सगळ्या गावाने ऐकलं, तसं इंदूकाकूंनीही ऐकलं. सगळ्यांनी आपापला डबा बंद करा. काकूंच्या घरात एक डबा होता. त्यांनी मिरवणुकीला निघण्याआधी त्याचं बटण बंद केलं, मग पुन्हा चालू राहायला नको म्हणून बॅटरीची पिनही काढली. सहा मिनिटं उशीर झाला तो हातात नारळाचं ताट होतं म्हणून. मग घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कानबाईबरोबर नदीकडे गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी आप्पांचं ऐकलं असा तो पहिला प्रसंग, आणि तो असा.

पुढचं मी पाहिलं नाही, पण ते गावात इतक्या वेळा सांगितलं गेलं की पाहिल्यासारखं आहे. आप्पा स्कूटरवर बसून मिरवणुकीतून हॉर्न वाजवत नदीपर्यंत गेले. काकू फुगडी खेळत होत्या. आप्पा ओरडले, "किल्ली!" काकू फिरता फिरताच ओरडल्या, "तुम्हीच ते सांगं ना, बठ्ठासनी बंद करा!" आप्पांनी फुगडीत हात घालून किल्ली घेतली. तोवर वीस मिनिटं भरत आली होती आणि सगळ्यांचे हात खिशाकडे जायला लागले होते. आप्पा स्कूटरवर उभे राहिले. उभे राहता येत नाही, तरी राहिले.

"चूक मन्ही शे," ते म्हणाले. "मन्हा घरनी शे. आखो वीस मिनिट द्या. नही दिधात तरी मी काही बोलाव नही."

भोंग्यावरून त्यांनी सांगितलं होतं, इथे ते मागत होते. मग गोधडीवाली ती आजी कानबाईशेजारी मट्कन खाली बसली आणि म्हणाली, "देवीले काय घाई शे? बठा रे." मग बाया बसल्या. वाजंत्रीवाले बसले. माझा चुलतभाऊही बसला. त्या दिवशी आमच्या गावाची कानबाई तापीच्या काठी लिंबाखाली विसाच्या जागी चाळीस मिनिटं थांबली, आणि सुरतेला काहीच दिसलं नाही.

माझ्या पडद्यावर चेहरे परत आले तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. मला वाटलं होतं ते उठून गेले असतील. दोघं गेलेच होते. बाई एकट्या बसून डबा खात होत्या. त्यांनी घाईने डबा बाजूला सारला आणि मराठीत विचारलं, "काय झालं होतं?"

मला खोटं सुचत नाही. घाबरलो की आणखीच सुचत नाही. मी सगळं सांगितलं. कोठी, गोधडी, रोट, भोंगा, काकू. रोटाचा गहू वाढत नाही आणि खाणारे वाढतात, म्हणून संध्याकाळी स्पीड पडतो. एकच वाट आहे, ती तुटली की गाव अंधारात, म्हणून दुसरी हवी. आणि वाटणारा माणूस असा हवा की जो सरपंचांनाही नाही म्हणेल आणि मलाही. बाईंनी उठून त्या दोन सरांना परत बोलावलं. म्हणाल्या, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी अर्धा तास विचारलं. मध्ये एकदाही चित्र अडकलं नाही.

संध्याकाळी आप्पांना भेटलो. मुलाखत कशी झाली हे त्यांनी विचारलं नाही.

"मांगून नेट कितलांदा अटकनं?"

"एकदाही नाही, आप्पा."

"मंग बेस," म्हणाले, आणि काकूंकडे एकदा बघून घराबाहेर निघून गेले.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा आप्पा गावात नव्हते. तोरणमाळला वर एका आश्रमशाळेपर्यंत लाइन ओढायचं काम त्यांनी घेतलं होतं. दिवस दिवस जंगलातून खांब पुरत जायचं. तिथे रेंज नाही, म्हणून तर लाइन न्यायची होती. मला दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं होतं. सगळ्या गावाला मेलची बातमी पाच मिनिटांत कळली, सुरतेला सहाव्या मिनिटाला. फक्त ज्यांच्यामुळे ती आली त्यांना सांगायला वाट नव्हती. शेवटी वहीचं पान फाडून लिहिलं, "आप्पा, निवड झाली. उद्या पुण्याला जातो. दिनेश." आणि शहाद्याच्या स्टँडवर तोरणमाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं.

पुण्याहून शहाद्यापर्यंत बातमी यायला एक क्षणही लागला नव्हता. शहाद्याहून तोरणमाळला जायला तिला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी घाटात दरड आली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरची साप्ताहिक सुट्टी होती आणि चिठ्ठी त्याच्या खिशात त्याच्या घरी राहिली. तिसऱ्या दिवशी गाडी वर पोहोचली तेव्हा आप्पा शाळेसमोरच्या शेवटच्या खांबावर चढून वायर जोडत होते. ते काही लवकर उतरेनात. गाडीला परत फिरायचं होतं. मग कंडक्टरने खाली उभं राहून, प्रवासी, मास्तर आणि सगळी पोरं ऐकत असताना, चिठ्ठी मोठ्याने वाचली.

आप्पांनी वरूनच पेन मागितलं. त्याच पानाच्या मागे लिहून दिलं. ती चिठ्ठी गाडीने खाली आली, शहाद्याहून कुणाच्या तरी मोटारसायकलने काकूंकडे आली, आणि काकूंनी तिचा फोटो काढून मला पाठवला. मी वसतिगृहात नवीन खोलीत पेटी उघडत होतो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ते पुन्हा वर गेलेले होते. आप्पांच्या हातचं मी पाहिलेलं ते एकमेव लिखाण. अक्षर खांबावर धरून काढल्यासारखं आहे, कारण ते तसंच काढलेलं आहे.

"चिठ्ठी मिळनी. बेस व्हयनं. आठे बी आज उजेड पोची गया. तुन्ही काकूले सांग, डब्बाले हात लावू नको."